शॉर्ट घट्टच घ्या, झाकायचं ते वरून झाका

पत्र, नाव गाळून आणि थोडक्यात:

मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. वय ४६. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण गुडघा कुरकुरतो. म्हणून मुलाची पडून असलेली गिअरची सायकल काढली आणि वेडच लागलं. आम्हा बायकांचा एक ग्रुप आहे. एरवी माहुली किंवा वाढे फाट्यापर्यंत, आणि रविवारी जमलं तर यवतेश्वरचा घाट. अडचण आहे ती बसण्याची. सुरुवातीला पंजाबी ड्रेसवर जायचे, तेव्हा जांघेत सोलवटून निघायचं. मैत्रिणीने पॅडवाली लायक्राची शॉर्ट घ्यायला सांगितली, ती ऑनलाइन मागवली. अंगाला चिकटू नये म्हणून मुद्दाम एक साइज मोठी घेतली. आत नेहमीचे कपडे घालते, वर गुडघ्यापर्यंत कुर्ता. तरी घासतंच, उलट जास्तच. आणि आरशात मागून बघितलं की लंगोट बांधलेल्या बाळासारखं दिसतं. नवरा हसत म्हणाला, ‘सर्कशीत नाव घातलंस का?’ सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात. राजवाड्यापाशी किंवा पोवई नाक्यावर नववीतला एखादा विद्यार्थी भेटला तर काय, या धास्तीने मी अंधारातच निघते. आरामही मिळेल आणि चारचौघांत बरंही दिसेल अशी शॉर्ट असते का? की या वयात हा नाद सोडूनच द्यावा?

ताई,

नाद सोडू नका. शुगर निघालेल्या माणसाला डॉक्टर व्यायाम लिहून देतात, पण त्याचं वेड लिहून देता येत नाही, आणि ते तुम्हाला आपसूक लागलंय. दीड वीत कापडापायी ते घालवायचं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: अंगाला चिकटू नये म्हणून मुद्दाम एक साइज मोठी. सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे वाढत्या अंगाच्या मुलींना कपडा सैल घ्यायचा, लग्न झालं की सैल घ्यायचा, चाळिशी उलटली की आणखी सैल घ्यायचा, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सैल म्हणजे शालीन आणि घट्ट म्हणजे उघडं, असं समीकरण आपण न तपासता पुढे नेतो. साडीच्या ब्लाउजला मात्र ते लावत नाही. तिथे सैल झालं की लगेच शिंप्याकडे धाव घेतो. कारण ब्लाउजचं काम काय ते आपल्याला ठाऊक असतं. सायकलच्या शॉर्टचं काम काय ते कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून ते आधी बघू.

पॅडल मारताना मिनिटाला पायांचे साठ-सत्तर फेरे धरले तरी तासाभरात चार हजारांच्या आसपास वेळा तुमची मांडी सीटच्या कडेवरून वर-खाली जाते. त्यात घाम. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडी कितीतरी लवकर सोलवटते. आता मधे जे कापड आहे ते कातडीबरोबर हललं, तर घासणं होतं ते कापड आणि सीट यांच्यात. तुमची कातडी सुटते. ते कापड सैल असलं, तर दर फेऱ्याला त्याची बारीक चुणी पडते, ती चुणी जांघेत जाऊन बसते आणि घासणं होतं ते कापड आणि कातडी यांच्यात. पॅडचंही तेच. घट्ट शॉर्टमधलं पॅड बसायच्या हाडांखाली ठाण मांडून राहतं. सैल शॉर्टमधलं पॅड दर खड्ड्याला इकडेतिकडे सरकतं, कधी दुमडतं, आणि त्याची शिवलेली कड नेमकी नको तिथे येते. वाढे फाट्यापर्यंत जाऊन येईतो तुमचं काय होत असेल याची कल्पना मला आहे.

दुसरी गोष्ट लिहिताना मलाही जरा घोळत लिहावंसं वाटतंय, पण स्पष्टच सांगते. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं. हे ऐकल्यावर पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक बाईचा चेहरा एकसारखाच होतो. पण जरा नेहमीची निकर हातात घेऊन बघा. पायाच्या कडेचं इलॅस्टिक कुठे येतं? बरोबर जांघेच्या घडीत. तिथे इलॅस्टिक, त्याची दुहेरी शिवण, आणि घाम धरून ठेवणारं सुती कापड. त्यावर शॉर्टचं पॅड घट्ट दाबलेलं. म्हणजे महागाचं पॅड घेऊन आपण त्याच्या आत स्वतःहून कानस ठेवतो. पॅडचा जो भाग अंगाला लागतो तो शिवणीशिवायच्या मऊ कापडाचा असतो आणि घाम शोषून पसरवण्यासाठीच बनवलेला असतो. आतला कपडा तोच आहे, असं समजा. फक्त मग तो आतल्या कपड्यासारखाच वागवायचा: एकदा घातला की धुवायचा, आणि परत आल्यावर तो घालून चहा करत, पेपर वाचत बसायचं नाही. थेट मोरीत. ओला पॅड अंगाला राहिला की पुरळ येतं, खाज येते, बुरशी धरते. तुम्हाला शुगर आहे म्हणून हे दोनदा सांगते.

आणि बाळाच्या लंगोटासारखं दिसण्याबद्दल. ते थोडंफार सगळ्यांनाच दिसतं. ही शॉर्ट शिवलेलीच असते वाकलेल्या माणसासाठी: मागे उंच, पुढे आखूड, पॅड मागच्या बाजूला. सरळ उभं राहिलं की पुढे कापड गोळा होतं आणि मागे पॅडचा फुगा येतो. तुम्ही एक साइज मोठी घेतल्यामुळे तो फुगा लोंबतोही. म्हणून उभं राहून आरशात बघूच नका. हँडल धरल्यासारखं पुढे वाका, बाजूने बघा. मापातली शॉर्ट असेल तर फुगा जवळपास जिरलेला दिसेल.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही एका कपड्याकडून दोन कामं मागताय. कातडी वाचवायचं काम आणि शरीराची रेघ झाकायचं काम. पहिलं काम घट्ट कपडाच करतो, दुसरं सैल. दोन्ही एकाच शॉर्टवर टाकलीत म्हणून दोन्ही फसली. दोन कपडे करा. आत मापातली घट्ट पॅडवाली, वर तुम्हाला मोकळं वाटेल असं काहीही. घट्ट काय घातलंय हे जगाला कळायची गरज नाही.

आतली शॉर्ट घेताना कंबर बेंबीपाशी मोजा आणि नितंब जिथे सगळ्यात रुंद तिथे. दोन्ही मापं कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा; कुर्त्याचा जो साइज तोच शॉर्टचा, असं गृहीत धरू नका. दोन मापं दोन साइजमध्ये पडत असतील तर नितंबाचं माप धरा. पॅड बायकांचं असावं. हा काही जाहिरातीचा चोचला नाही. बायकांची बसायची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा रुंद अंतरावर असतात, म्हणून बायकांच्या पॅडची गादी मागे रुंद असते आणि पुढचा भाग आखूड. जाड पॅड म्हणजे चांगलं पॅड असंही नाही. बोटाने दाबून बघा: स्पंजासारखं तळाला टेकत असेल तर अर्ध्या तासाने त्याचा उपयोग संपला. थोडं पातळ पण दाबल्यावर उलट जोर लावणारं पॅड जास्त टिकतं. कंबरेला रुंद पट्टा बघा, उंच कंबरेची मिळाली तर उत्तमच; वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही, आणि अर्धी काळजी तिथेच मिटते. पायाच्या कडेला आत सिलिकॉनचे ठिपके किंवा पट्टी असते, शॉर्ट वर सरकू नये म्हणून. ती अरुंद असली तर मांडीत रुतते आणि मांस वर येतं. तीन बोटं रुंद कड असलेली घ्या. लांबी गुडघ्याच्या जरा वरपर्यंत मिळते, पोटरीपर्यंतही मिळते, आणि घोट्यापर्यंतची पूर्ण टाइट्सही पॅडसकट मिळतात. साताऱ्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तुमच्या ग्रुपमधल्या आखूडवाल्याच तुमच्याकडे हेव्याने बघतील.

रंग काळा. यात मी लोकशाही मानत नाही. फिका राखाडी, आकाशी, गुलाबी हे रंग दुकानात गोड दिसतात आणि घामाने ओले झाले की डाग धरतात. शिवाय ताणलेला फिका लायक्रा प्रकाशात आरपार दिसतो. काळाही पातळ असू शकतो, म्हणून घरी खिडकीकडे पाठ करून वाका आणि मुलीला किंवा बहिणीला बघायला सांगा. अंगावर घालायचीच नसेल तर मुठीवर ताणून उन्हात धरा. बोटांची पेरं दिसली तर परत पाठवा.

जाता जाता पुरुष वाचकांना: तुमची तीन-चार पावसाळे धुतलेली शॉर्ट मागून जाळीची झालेली असते. तुमच्या मागून घाट चढणाऱ्यांना ती दिसते. संकोचाने कुणी बोलत नाही. तुम्हीही खिडकीकडे पाठ करून बघा.

आता वरचा कपडा. तुम्ही गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालता हे वाचून मी जरा दचकले, पण ते दिसण्यामुळे नव्हे. उतरताना तुम्ही सीटच्या पुढे पाय टेकता ना, त्या क्षणी लांब कुर्त्याचा मागचा घेर सीटच्या टोकावर अडकतो. सिग्नलला हे झालं तर माणूस सायकलसकट आडवं होतं. ओढणी तर घरीच ठेवायची. ती मागच्या चाकात गेली की आधी गळा आवळते आणि मग चाक थांबतं. कुर्ता किंवा टी-शर्ट मांडीच्या निम्म्यापर्यंत येईल एवढाच, दोन्ही बाजूंना कट असलेला, आणि सुळसुळणाऱ्या कापडाचा. सायकलसाठी शिवलेले टी-शर्ट मागून मुद्दाम लांब ठेवलेले असतात; तो घेतलात तर वाकल्यावरही मागचं सगळं झाकलं जातं, आणि लांब कुर्त्याचं कामच उरत नाही.

खाली काय, तर तीन-चार वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे आत पातळ पॅडवाली शॉर्ट आणि वर घोट्याशी निमुळती होणारी साधी ट्रॅक पँट. बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही ट्रॅक पँट घालून सायकल चालवणाऱ्या बाई आहात, संपलं. उजव्या पायाची मोरी मोज्यात खोचा, नाहीतर चेनचं ग्रीस लागेल किंवा कापड चेनमध्ये जाईल. मे महिन्यात घाटात ही जोडी गरम होते, हा तिचा दोष. दुसरी वाट म्हणजे डोंगरातल्या सायकलिंगसाठी मिळते तशी गुडघ्यापर्यंतची सैल शॉर्ट. तिचं कापड हलकं आणि कडक असतं, अंगाला चिकटत नाही. ती घेताना आसनापाशी जास्तीचं कापड लोंबत नाही ना ते बघा, नाहीतर तेही सीटच्या टोकात अडकतं. तिसरी, शॉर्टवर शिवलेला छोटा घेरदार स्कर्ट. मला स्वतःला ही सगळ्यात आवडते, कारण सायकलवर ती पायात येत नाही आणि उतरल्यावर मागचा फुगा झाकते. पण साताऱ्यात स्कर्टकडे लोक शॉर्टपेक्षा जास्त वळून बघतील की कमी, हे तुम्ही जास्त ओळखता. खांद्यावरून पट्टे असलेल्या बिब शॉर्टच्या भानगडीत पडू नका. रस्त्यात लघवीला जायचं झालं की बहुतेक बिबमध्ये वरपासून सगळं उतरवावं लागतं, आणि आपल्याकडच्या स्वच्छतागृहांत ते जमणारं नाही.

एक सांगू? माणूस सायकलवर असतो तेव्हा त्याच्याकडे कुणी नीट बघतच नाही. चार सेकंदांत तुम्ही पुढे गेलेल्या असता. खरं अवघडलेपण उतरल्यावर सुरू होतं: चहाच्या टपरीवर उभं राहताना, घाटमाथ्यावर फोटो काढताना, येताना दूध घ्यायला थांबल्यावर, सोसायटीच्या जिन्यात शेजारचे काका भेटल्यावर. शॉर्ट बेढब दिसते तीही नेमकी तेव्हाच. म्हणजे तुम्हाला झाकून घ्यायचंय ते फार तर वीस मिनिटं. त्यासाठी पातळ गुंडाळायचा स्कर्ट किंवा नाडीची सैल पँट घडी करून सीटखालच्या पाउचमध्ये ठेवा आणि उतरल्यावर चढवा. जॅकेट कमरेला बांधायचं असेल तर उतरल्यावरच. चालवताना त्याच्या बाह्या चाकात जातात. आणि ग्रुपमध्ये फोटो काढणाऱ्या उत्साही मैत्रिणीला एकदा सांगून टाका की मागून काढलेले फोटो टाकायचे नाहीत. ती रागावणार नाही. बाकीच्या चौघींच्या मनातलंच तुम्ही बोललेल्या असाल.

विद्यार्थ्याबद्दल. ही धास्ती मी उडवून लावणार नाही. वर्गात उभं राहायचं असतं, तेव्हा गावात कसं दिसावं याचा विचार शिक्षकाला करावा लागतो, हे खरं आहे. शिक्षिकांना तर जरा जास्तच करावा लागतो. पण अंधारात निघण्याचा तुमचा उपाय शॉर्टपेक्षा धोक्याचा आहे. उजाडण्याआधी पोवई नाक्यावरून भरधाव गाड्या जातात, आणि काळे कपडे घातलेली सायकलवरची बाई त्यांना दिसत नाही. गावातून जाताना ट्रॅक पँट राहू द्या. समर्थ मंदिर सोडून घाटाला लागलात की काढून पाउचमध्ये टाका, किंवा नका काढू. पण उजाडल्यावर निघा, आणि त्याआधीच निघायचं असेल तर मागे लाल दिवा आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट हवंच. नववीतला पोरगा भेटला तर तो आधी तुमच्या गिअरकडे बघेल. मग म्हणेल, मॅडम, किती स्पीडची आहे?

आणि आपल्या जिल्ह्याला आखूड कपड्यांचं वावडं आहे, असंही नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. धावपटूच्या आखूड कपड्यांत धावल्या. तेव्हा इथे कुणी त्यांच्या कपड्यांची उंची मोजत बसलं नाही. तुम्ही म्हणाल, त्या खेळाडू, मी बाई मास्तरीण. बरोबर. म्हणून जवळचं उदाहरण घ्या. तुमच्या सासूबाईंच्या आईने नऊवारीचा काष्टा मारून, पोटऱ्या उघड्या टाकून शेतात भांगलण केली असेल. काम होतं म्हणून कपडा वर खोचला, घरी आल्यावर सोडला. त्यात कुणाला निर्लज्जपणा दिसला नाही, कारण काम दिसत होतं.

आणि सासूबाई बघतात, एवढंच तुम्ही लिहिलंय. त्या बघण्याचा अर्थ तुम्ही लावलाय. नापसंती असेलही. पण सून भल्या पहाटे लगबगीने काहीतरी झाकत बाहेर पडते, हे बघून कुठलीही बाई बघणारच. तुम्हीच लपवताय म्हटल्यावर त्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, असं त्यांनाही वाटत असेल. त्यांना सरळ सांगा: आई, सीटने जांघेत सोलवटतं, म्हणून ही आतून गादी लावलेली चड्डी आहे. पॅड हातात द्या, दाबून बघू द्या. ज्या बाईने उन्हाळ्यात काष्टा नेसून किंवा जाड परकर घालून दिवसभर काम केलंय, तिला सोलवटणं काय ते समजावून सांगावं लागत नाही. कदाचित त्या खोबरेल तेल लाव म्हणतील. तेव्हा हो म्हणा, पण शॉर्टच्या आत तेल लावू नका. ते पॅडमध्ये मुरतं आणि धुऊनही लवकर निघत नाही. त्यासाठी वेगळं क्रीम मिळतं. पूर्वी या शॉर्टमध्ये फोमऐवजी खरं कातडं शिवलेलं असायचं, ते वाळून कडक व्हायचं, म्हणून मऊ करायला क्रीम चोळत. आता कातडं गेलं, क्रीम राहिलं, कारण घासणं कमी करायला ते उपयोगी पडतं. तास-दीड तासाच्या फेरीला, शॉर्ट मापात असेल तर, तेही लागत नाही.

यजमानांना सर्कस आठवली. त्यांनी हसून म्हटलं, तुम्हीही हसून म्हणा: रविवारी तुम्ही चला, फुलपँट घालून, माहुलीपर्यंत. परत आल्यावर जिना चढताना बघू कोण काय म्हणतं ते.

एवढं सगळं शॉर्टबद्दल झालं, पण मला वाटतं दुखण्याचं निम्मं खापर तुम्ही चुकीच्या माणसाच्या डोक्यावर फोडताय. सायकल मुलाची आहे. म्हणजे सीट मुलाचं. अरुंद, लांब नाकाचं, त्याच्या हाडांच्या मापाचं, आणि बहुधा त्याच्या उंचीला लावलेलं. घरीच एक गोष्ट करून बघा. किराणा आणलेल्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, तो कडक पायरीवर ठेवा, त्यावर बसा, पाय थोडे उचला आणि हँडल धरल्यासारखं पुढे झुका. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले दिसतील. खडूने त्यांचे मध्य खूण करा आणि पट्टीने अंतर मोजा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. सीटची मागची रुंदी साधारण तेवढी हवी. त्यापेक्षा सीट बरंच अरुंद असेल, तर तुमचा भार हाडांवर पडतच नाही, मधल्या नाजूक भागावर पडतो. मग शॉर्ट सोन्याची घेतलीत तरी दुखणारच.

उंचीही बघा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक उरला पाहिजे. सीट उंच असेल तर पाय पोचवायला तुम्ही दोन्ही बाजूंना डुलता, आणि डुललं की घासतं. फार खाली असेल तर तुमचा कुरकुरणारा गुडघा आणखी कुरकुरेल. सीट जमिनीला समांतर ठेवा. नाक वर असेल तर पुढे टोचतं, खाली असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांवर भार येतो. आणि मऊ जेलचं कव्हर घेऊन त्यावर टाकायचा मोह होईल, तो आवरा. फार मऊ गादीत हाडं बुडतात आणि मधला भाग वर येऊन दाबला जातो. शिवाय ते कव्हर सरकतं.

आत्ता सोलवटलेलं आहे ते भरेपर्यंत सायकल बंद. भरेपर्यंत म्हणजे खपली धरून निघेपर्यंत, दुखायचं थांबलं म्हणजे झालं असं नाही. शुगर असताना जखम उशिरा भरते आणि चिघळते लवकर. गाठ आली, पू दिसला, ताप आला, तर घरगुती काही न करता डॉक्टरांकडे जा, आणि जागा सांगायला लाजू नका. चालवताना मधल्या भागाला मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल तर तो ‘सवय होईल’ या खात्यात टाकायचा प्रकार नाही. तिथेच थांबून उभं राहायचं, आणि घरी येऊन सीट तपासायचं. पाळीच्या दिवसांत पॅडवर पॅड ही जोडी सरकते आणि घासते. कप वापरणाऱ्या बायका त्यावर समाधानी असतात, नाहीतर ते दोन दिवस जवळच्या जवळ फिरा.

धुताना शॉर्ट उलटी करून, साध्या साबणाने, गार पाण्यात. कपडे मऊ करायचं सुगंधी औषध घालू नका, त्याने लायक्राचा ताण आणि पॅडचं शोषणं दोन्ही जातं. पिळू नका, दाबून पाणी काढा, आणि उलटीच सावलीत वाळवा. गच्चीवर दोरीला लोकांना दिसेल अशी टाकायची नसेल तर वर टॉवेल टाका, हरकत नाही. फक्त आत कोंदट जागी ठेवू नका. रोज जात असाल तर दोन शॉर्ट लागतील, कारण पावसाळ्यात पॅड एका दिवसात वाळत नाही.

पैसे कुठून सुरू करायचे, तर सीटपासून. पुठ्ठ्याचं माप घेऊन सायकलच्या दुकानात जा आणि तेवढ्या रुंदीचं सीट मागा. दुकानदार बायकांसाठी म्हणून सगळ्यात मोठी गादी पुढे करेल, ती परत ठेवायला सांगा. मग हजार-दीड हजाराच्या आसपासची एक मापातली काळी शॉर्ट. ती शक्यतो दुकानात घालून बघा, आतल्या कपड्यांवरून चालेल, आणि ट्रायल रूममधल्या स्टुलावर बसून पुढे वाका. ऑनलाइनच घ्यायची असेल तर बदलून मिळते का ते आधी बघा. वरची ट्रॅक पँट तुमच्याकडे असेलच.

राहिली ती मोठ्या साइजची. शिंप्याकडून ती आत घेऊन वापरायचा विचार करत असाल, तर बाहेरच्या बाजूची शिवण घ्यायला हरकत नाही, आतल्या मांडीची आणि पॅडजवळची मुळीच घेऊ देऊ नका. कारखान्यातली शिवण चपटी असते. आपल्या शिंप्याची उभी राहते, आणि तिथून पुन्हा सोलवटायला सुरुवात होते. त्यापेक्षा ग्रुपमध्ये विचारा. एखादीला ती मापात बसेल.